धरणारा हात, ओतणारा हात

नाशकातल्या भांडी बाजारात नरसाळं अजूनही मिळतं, फक्त ते मागावं लागतं. समया, घंगाळी, तांब्याच्या घागरी, पितळी डबे दर्शनी भागात झळकत असतात. नरसाळं मात्र आतल्या फळीवरून उतरवून, फडक्याने पुसून पुढ्यात येतं. "इन्व्हर्टरसाठी हवंय का?" असंही कुणी विचारतं. बॅटरीत पाणी घालण्यापलीकडे नरसाळ्याचं काही काम उरलं असेल, हे आता विकणाऱ्यालाही खरं वाटत नाही.

सत्तरच्या दशकात असं कुणी विचारलं नसतं. तिवंध्यापासून पंचवटीपर्यंतच्या वाड्यांतून एकेका बिऱ्हाडात दोन नरसाळी असत आणि त्यांच्यात सोवळं-ओवळं कडक होतं. एक तेला-तुपाचं, पितळी, कल्हई केलेलं. त्याची जागा स्वयंपाकघरातल्या मांडणीवर. दुसरं रॉकेलचं, पत्र्याचं, तळाशी बारीक जाळी डाखलेलं; ते मोरीबाहेरच्या खिळ्यावर. रॉकेलचं नरसाळं चुकून मांडणीवर गेलं तर आजी ती अख्खी फळी घासायला लावत असे. आजीचंही बरोबरच होतं म्हणा. त्या वासाचं एक बोट लागलं तरी आमटीपासून ताकापर्यंत सगळं बाटायचं.

पितळी नरसाळं जड, जाड काठाचं, बाजूला कडी असलेलं. नाशकात तांब्या-पितळेच्या कामाची परंपरा जुनी, त्यामुळे असली वस्तू घ्यायला लांब जावं लागत नसे. तांबट लेनमधून जाताना ठोक्यांच्या आवाजात एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. पितळेचा भाव वजनावर. जुनं फुटकं भांडं मोडीत घालून नवं घ्यायचं, फरक तेवढा रोख द्यायचा. पत्र्याचं नरसाळं करणारा कारागीर वेगळा. रिकाम्या डब्याचा पत्रा तो पंख्यासारखा कापायचा, गुंडाळून शंकू करायचा, सांध्याला डाख द्यायचा, खाली नळी जोडायचा. वरच्या काठात तार घालून काठ दुमडला की हात कापायची भीती नाही. काम डोळ्यांदेखत व्हायचं. नळी आपल्या बाटलीत जाते की नाही हे पाहायला लोक घरून बाटली घेऊन जात.

तेव्हा घरात येणारी बहुतेक वस्तू सुटी येई आणि घरातच आपल्या भांड्यात जाई. शेंगदाणा तेलाचा 15 किलोचा डबा सणासुदीच्या आधी यायचा. डब्यातून किटलीत, किटलीतून रोजच्या तेलाच्या भांड्यात, आणि थोडं देवघरातल्या दिव्याच्या बाटलीत. उन्हाळ्यात लिंबाचं सरबत आणि कोकमाचं आगळ धुऊन वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत भरायचं. फिनेल दारावर सुटं मिळे. मोहरी, तीळ अरुंद तोंडाच्या बरणीत भरायचे झाले तर वर्तमानपत्राच्या कागदाचं नरसाळं करायचं.

पण नरसाळ्याचं खरं राज्य रॉकेलवर. रेशनकार्डावर मिळणारं ते निळसर रॉकेल आणायला कॅन घेऊन रांगेत उभं राहावं लागे. दुकानदार लांब दांड्याच्या मापाने पिंपातून रॉकेल काढी, कॅनवरच्या नरसाळ्यात रिकामं करी, आणि लगेच नरसाळं उचलून पुढच्याच्या कॅनवर ठेवी. रांगेतल्या बायकांची कुरकूर तिथेच सुरू होई, "अहो, निथळू तरी द्या!" आत राहिलेल्या चार थेंबांवर हक्क कुणाचा, यावरून भांडण जुंपे. आज हे ऐकून हसू येतं. महिनाभराचा स्टोव्ह त्या कॅनवर चालवणारीला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर दुसरा अंक. स्टोव्हच्या टाकीचं तोंड जेमतेम बोटभर. कंदिलाचं त्याहून लहान. कॅन जड. म्हणजे एकाने नरसाळं धरायचं आणि दुसऱ्याने ओतायचं. धरण्याचं काम पोरांचं. ते सोपं वाटतं, पण त्यात तीन गोष्टी शिकाव्या लागत.

पहिली, नरसाळं तोंडावर गच्च दाबायचं नाही. बाटलीतली हवा बाहेर पडायला वाट हवी. ती नसली तर तेल नळीतच अडून बसतं आणि मग भसकन बुडबुडा येऊन हातावर उडतं. म्हणून नरसाळं किंचित उचलून धरायचं, नाहीतर काठाशी आगकाडी अडकवायची. आजच्या चांगल्या प्लास्टिकच्या नरसाळ्यांना नळीच्या बाहेरून उभ्या कडा असतात, त्या याच काडीचं काम करतात. दुसरी, नजर नरसाळ्यात नाही, बाटलीत ठेवायची. तिसरी सगळ्यांत अवघड. "बास" हे बाटली भरल्यावर नाही, भरायच्या आधी म्हणायचं, कारण नरसाळ्यात जे आहे तेही खाली उतरणारच असतं. उशिरा "बास" म्हणणाऱ्या पोराला ओटा पुसावा लागे. ओतणाऱ्या आईला आतली पातळी दिसत नसे. तिचा सगळा भरवसा त्या एका शब्दावर.

ही जोडी स्वयंपाकघरापुरती नव्हती. सिन्नर-निफाडकडे पाभरीवर पेरणी होई तेव्हा पाभरीमागे चालणारी बाई चाड्यात मुठीने बी सोडायची. चाडं म्हणजे लाकडाचं नरसाळंच. त्यातून नळ्यांवाटे बी फणांमागे मातीत पडायचं. बैल हाकणारा एक, चाड्यावरचा हात दुसरा. मूठ सैल सुटली तर एका सरीत बी दाट आणि पुढच्या सरीत विरळ. म्हणून चाड्यावर घरातला सगळ्यांत भरवशाचा हात असायचा. आता ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्राच्या पेटीत बी एकदा भरलं की अंतर यंत्र सांभाळतं.

स्वयंपाकघरातही तेच झालं, थोडं हळूहळू. गॅस आला तसा स्टोव्ह माळ्यावर गेला. 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर खेड्यापाड्यांतही सिलिंडर पोहोचले. तेलाच्या बाबतीत 1998 हे साल महत्त्वाचं. त्या वर्षी दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली, माणसं सुजून आजारी पडली, अनेकांचा जीव गेला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने खाद्यतेल बंद वेष्टनातूनच विकण्याचा आदेश काढला. सुटं तेल एका दिवसात संपलं नाही, पण पिशवी आणि मुठीचा कॅन यांचे दिवस पक्के झाले. पिशवीचा कोपरा कातरला की तेल सरळ भांड्यात. बाटलीच्या झाकणालाच चोच. हँडवॉशची रिफिलची पिशवीसुद्धा तोटी घेऊन येते. ओतण्याचं काम घरातून उठून कारखान्यात गेलं; तिथे एकेका रांगेत नळ्या खाली येतात, मोजून भरतात आणि नेमक्या वेळी थांबतात. "बास" म्हणायला माणूस लागत नाही.

याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बायका त्या काळात प्रत्येक गल्लीला माहीत होत्या. रेशनच्या रांगेत गेलेले तास कुणी परत मागणार नाही. सुट्या तेलात काय मिसळलंय हे जिभेवर घेऊनही कळत नसे. पिशवीबंद तेलाने निदान विचारायला एक नाव-पत्ता तरी दिला.

तरी नरसाळं संपलेलं नाही. पाऊस मोजायचा तर पर्जन्यमापकाच्या माथ्यावर तेच लागतं. साध्या पर्जन्यमापकाचं तोंड 12.7 सेंटिमीटर व्यासाचं, नळी खालच्या बाटलीत. स्वयंचलित केंद्रं आली तरी थेंब गोळा करायला वर शंकू आहेच. आणि गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या घरांतून लाकडी घाण्याचं तेल पाच लिटरच्या कॅनमधून येऊ लागलंय. ते रोजच्या काचेच्या बाटलीत कसं भरायचं? म्हणून घडी घालून खणात मावणारं सिलिकॉनचं नरसाळं ऑनलाइन मागवलं जातं. ते चांगलं आहे, धुवायला सोपं आहे, गंजत नाही.

फक्त ते एकट्याने वापरायचं म्हणून घेतलेलं असतं. बाटली सिंकमध्ये उभी करायची, नरसाळं खोचायचं, कॅन दोन्ही हातांनी तिरका करायचा आणि सांडलं तर टिश्यू आहेच. हे आपण सोयीचं मानतो. माझ्या मते नरसाळ्यातली कामाची गोष्ट आपण नेमकी इथे सोडून देतो. सात-आठ वर्षांच्या पोराला घरात खरी जबाबदारी द्यावी अशी कामं आता फार उरलेली नाहीत. खोलीतली खेळणी आवरणं हे त्याच्या स्वतःपुरतं काम. त्यात कुणाचं काही अडत नाही. इथे मात्र मोठं माणूस त्याच्या शब्दावर थांबतं. उशीर झाला तर तेल ओट्यावर येतं, घाई झाली तर बाटली अर्धीच राहते. कुणी न रागावताही चूक त्याला दिसते. शाळेत शिकवायला अवघड असा हा धडा घाण्याचं तेल घेणाऱ्या प्रत्येक घरात महिन्यातून एकदा फुकट मिळू शकतो. थोडं तेल सांडेल, तेवढा खर्च धरूनच चालावं.