चुकलेली वारी



परवा एका तरुण कीर्तनकाराने मला विचारले, "महाराज, आपल्या वाऱ्या किती झाल्या?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर माझ्या जिभेवर तयार असे. हल्ली मी झालेल्या सांगत नाही, चुकलेली सांगतो. तीच आज तुमच्यापुढे मांडतो.

१९७२ च्या दुष्काळानंतरच्या आषाढीला मी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पहिल्यांदा चाललो. तेव्हापासून २०१९ पर्यंत सत्तेचाळीस आषाढ्या झाल्या, एकदाही खंड नाही. कीर्तनाआधी माझी ओळख करून देणारा हा आकडा हमखास सांगे. मी मान खाली घालून ऐकत असे. मान खाली, पण कान वर.

माझा मुलगा न्यूझीलंडमध्ये असतो. शिक्षणाने अभियंता. २०१८ साली त्याने ऑकलंडमधले भाड्याचे घर सोडले आणि सूनबाईला घेऊन एका शिडाच्या नावेवर राहायला गेला. नाव छत्तीस फुटांची. आमच्या गावात हे कोणाला सांगायची मला लाज वाटे. त्याची समजूत घालून त्याला जमिनीवर आणावे, या हेतूने मी फेब्रुवारी २०२० मध्ये तिकडे गेलो. परतीचे तिकीट २ एप्रिलचे होते. वारीला पुष्कळ अवकाश होता.

त्या देशाच्या उत्तरेला फांगारे नावाचे गाव आहे. हातेआ नदी गावातून वाहते आणि समुद्राची भरती थेट गावापर्यंत चढते. पात्रात जाड खांब रोवलेले आहेत. दोन खांबांच्या मध्ये पुढून-मागून दोर बांधून नाव उभी करायची. काठावर जायचे तर लहान रबरी होडीतून.

आपण सारे भवसागर, नाव आणि नावाडी यांवर बोलत आलो. मी तर पन्नास वर्षे बोललो. पण नाव कशी असते हे मला ठाऊक नव्हते. ती बाहेरून पांढरी, डौलदार दिसते. आत सरळ चालायला सहा पावलांची जागा. पाणी टाकीत मोजके, तेही काठावरून वीस-वीस लिटरच्या कॅनमधून आणायचे. आंघोळ दोन तांब्यांची. विजेची मदार छतावरच्या सौर तक्त्यांवर. स्वयंपाकाची शेगडी झोक्यासारखी टांगलेली, म्हणजे नाव कलली तरी पातेले सरळ राहते. आणि जे दिसत नाही ते सर्वांत मोठे: बुडाखाली काही टन शिसे असते. शीड वारा घेते, पण नाव उलटू देत नाही ते पाण्याखालचे वजन.

अशा नावांवर राहणाऱ्यांचीही एक वारीच असते. उष्ण समुद्रातली वादळे टाळायला ते नोव्हेंबराच्या सुमारास न्यूझीलंडला येतात आणि मे महिन्यात थंडी सुरू होताना फिजी, टोंगा या बेटांकडे निघतात. मुलगा-सूनही त्या वर्षी फिजीला जाणार होते.

मग महामारी आली. २२ मार्चपासून भारतात बाहेरची विमाने उतरेनाशी झाली. २५ मार्चला गुढीपाडवा होता. त्याच दिवशी आपल्याकडे टाळेबंदी सुरू झाली, आणि त्याच रात्री न्यूझीलंडमध्येही. मुलाने सकाळी डोलकाठीच्या दोरीला भगवे वस्त्र आणि स्टीलचा तांब्या बांधून वर चढवला. एवढी उंच गुढी मी जन्मात उभारली नव्हती, आणि एवढ्या जड मनानेही नव्हती.

तिथल्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न लोकांना सांगत की प्रत्येक घर म्हणजे एक बुडबुडा आहे, आपल्या बुडबुड्यातच राहा. मला हसू आले. आपण कीर्तनात देहाला बुडबुडा म्हणतो, त्या घराला म्हणत होत्या. नाव हेच ज्यांचे घर, त्यांनी नावेतच राहायचे होते. पोहणे, मासेमारी, नौकाविहार सारे बंद. सत्तरी ओलांडलेल्यांनी शक्यतो बाहेर पडूच नये, असे सांगणे होते. म्हणजे ज्याचे आयुष्य चालण्यात गेले, त्याच्या वाट्याला सहा पावले आली.

चैत्री एकादशीला सूनबाईने रताळी उकडली. तिकडे त्यांना कुमारा म्हणतात, आणि त्याच भागात ती भरपूर पिकतात. उपवासाची सोय पांडुरंगाने पृथ्वीच्या त्या टोकालाही करून ठेवली आहे. संध्याकाळी मी टाळ घेऊन हरिपाठ म्हणे. घसा बिघडल्याने कीर्तन सुटले होते, पण हरिपाठापुरता आवाज होता. शेजारच्या खांबांवर एका फ्रेंच वृद्ध जोडप्याची नाव होती. एके दिवशी खोकल्यामुळे मी गप्प राहिलो, तर त्या बाईंनी बिनतारी संचावर विचारले, "आजोबा बरे आहेत ना? आज घंटा वाजली नाही." त्यांना टाळ ही घंटा वाटत होती. तेवढ्याने मला बरे वाटले.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

मुलगा रोज रात्री उठून दोर पाहून येई. वाऱ्याचा दाब, पाण्याची पातळी वहीत टिपून ठेवी. एक दिवस नागा नाही. माझ्या मनात आले, याला मी बेशिस्त समजत होतो, आणि याचा नेम तर माझ्यासारखाच आहे. त्याला मदत करावी म्हणून एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मी न विचारताच दोर ताणून घट्ट बांधले. तेव्हा पूर्ण भरती होती आणि वारा सुटण्याची चिन्हे होती. घट्ट बांधले की नाव सुरक्षित, हा माझा हिशेब.

मध्यरात्रीनंतर फडताळातल्या वाट्या घसरून खाली आल्या. ओहोटी लागली होती, पाणी सहा-सात फूट उतरू पाहत होते आणि नाव दोरांना लोंबत एका अंगाला कलली होती. दोर कण्हल्यासारखा आवाज करत होता. मुलगा धावत वर गेला. ताणलेला दोर एकदम सोडता येत नाही, हात कापला जातो. खुंट्याला वेढा तसाच ठेवून त्याने तो वीत-वीत सोडला. नाव हळूच पाण्यावर बसली.

मी शरमून उभा होतो. तो रागावला नाही. म्हणाला, "अण्णा, दोर हवाच. पण पाणी खाली जाणार, वर येणार. तेवढी जागा दोरात ठेवावी लागते. नाहीतर जो दोर सांभाळतो तोच मोडतो."

मग त्याने चहा केला. आम्ही समोरासमोर बसलो, आणि तेहतीस वर्षांपूर्वीचे बोलणे त्या रात्री निघाले.

१९८७ साली आषाढीच्या तोंडावर त्याला विषमज्वर झाला होता. तो नऊ वर्षांचा. मी दोन दिवस घुटमळलो आणि मग वारीला निघून गेलो. परत आलो तेव्हा ताप उतरला होता. पुढे हा प्रसंग मी कितीतरी कीर्तनांत दृष्टांत म्हणून सांगितला: मी त्याची वारी केली, त्याने माझे पोर सांभाळले. लोकांच्या डोळ्यांत पाणी येई.

मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्ही ते सांगायचात तेव्हा मी समोर बसलेला असायचो. मला एवढंच आठवतं, आई रात्रभर कपाळावरच्या पट्ट्या बदलत होती. दार वाजलं की दाराकडे बघत होती."

ती माउली २०१४ साली गेली. तिने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नव्हता.

वाचकहो, आळंदीला चार वर्षे शिकलो, शास्त्रार्थ केले, पण त्या रात्री मला उत्तर सुचले नाही. पुंडलिकाची कथा मी हजारदा सांगितली असेल. आईबापांच्या सेवेत असलेल्या भक्ताने दारात आलेल्या देवाला विटेवर थांबवले, देव थांबला. ती कथा मी नेहमी समोरच्या पोरांकडे बोट करून सांगितली, मुलांनी आईबापांची सेवा करावी म्हणून. माझ्या घरात अंथरुणावर पडलेले पोर आणि जागणारी बायको होती, तेव्हा देवाला "जरा थांब" म्हणायची हिंमत मला झाली नाही. देव रागावेल म्हणून नव्हे. आकडा मोडेल म्हणून. तेव्हा माझ्या वाऱ्या चौदाच झाल्या होत्या, तरी आकड्याची गोडी लागली होती.

मी त्याला म्हणालो, "चुकलं माझं." बापाने हे शब्द म्हणायला पृथ्वीच्या त्या टोकाला जावे लागले.

दिवस सरले. एप्रिलअखेर तिथले निर्बंध सैल झाले, जूनमध्ये जवळजवळ उठले. विमान मात्र मिळेना. आषाढ उजाडला. तिकडे आषाढ म्हणजे ऐन हिवाळा. नावेच्या आतल्या भिंतींना रात्री घाम फुटे. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, हे आपण सर्व जाणताच. ३० जूनला, दशमीच्या दिवशी, संतांच्या पादुका एसटीने पंढरीला निघाल्या. फोनच्या पडद्यावर फुलांनी सजवलेली ती बस पाहिली आणि मी लहान पोरासारखा रडलो. पण रडता रडता लक्षात आले, माउलींनी तर काहीच तक्रार केली नाही. ज्यांच्या नावाने आपण चालतो ते बसमध्ये बसून गेले. मग अठ्ठेचाळीसाव्या वारीसाठी अडून बसणारा मी कोण?

त्याच वेळी अरणच्या सावतोबांची आठवण झाली. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात, सावतोबांची येत नाही. उलट पंढरीहून देवाची पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. हे मी सांगत आलो होतो, पण मनातून सावतोबांना अपवाद समजत होतो. अपवाद ते नव्हते. मळ्यात राहून ज्याने आपले काम सांभाळले, त्याच्याकडे देवाला यावे लागले, हाच तर नियम आहे.

एकादशीला, १ जुलैला, पंढरीत पहाटेची महापूजा चालू होती तेव्हा आमच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते. मुलाने खांबांचे दोर सोडले. नाव नदीच्या मुखाकडे निघाली. वाटेत एक पूल आहे, नावेने निरोप दिला की तो मधून उचलला जातो. आम्ही त्याखालून गेलो आणि मोकळ्या खाडीत नांगर टाकला. सूनबाईने बुक्का लावला. मी टाळ धरले आणि हरिपाठ सुरू केला. तिसऱ्या अभंगाला मुलगा सुरात मिसळला. त्याला तो पाठ होता. मी कधी शिकवल्याचे स्मरत नाही. त्याच्या आईने शिकवला असणार.

श्रावणात एका विशेष विमानाने मी परत आलो. मुलगा अजून पाण्यावरच राहतो. मी आता त्याला जमिनीवर ये म्हणत नाही.

नेम नको, असे मी म्हणत नाही. दोर नसेल तर नाव वाहून जाईल. माझे म्हणणे एवढेच, की घरात ओहोटी लागते तेव्हा उतरायला जागा राहील इतका दोर सोडलेला असावा. तुमच्या घरी यंदा कोणी अंथरुणावर असेल, तर त्याच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणा. पांडुरंगाला थांबायची सवय आहे.

२०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली. गुडघे साथ देत नव्हते, म्हणून लोणंद ते तरडगाव एवढेच चाललो. मुलगा तेवढ्यासाठी आला होता. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले, अश्व धावून गेले, लोक टापांखालची माती कपाळाला लावू लागले. तोही वाकला आणि चिमूटभर माती त्याने आधी माझ्या कपाळाला लावली.

ती वारी कितवी, हे मी मोजलेले नाही.

रामकृष्णहरी.