अंबाझरीच्या काठावरची परदेशी पाहुणी

मैत्रिणींनो, पौषात नागपूरला आलात तर सकाळी शाल गुंडाळून अंबाझरीच्या काठाने जरूर फिरून या. १८७० साली नाग नदी अडवून केलेला हा तलाव. पाण्यावरचा गार वारा कान बधिर करतो. गवत पिवळं पडलेलं, आणि त्यातच हिरव्यागार झुडपांवर फिकट जांभळी, कर्ण्यासारखी फुलं! "कोणतं हो हे झाड?" पाहुण्या हमखास विचारतात. नाव ऐकून चपापतात. बेशरम!

नाव चपखल आहे बरं का. मूळची ही अमेरिकेच्या उष्ण भागातली, नात्याने आपल्या रताळ्याची बहीण. शोभेसाठी, कुंपणासाठी आणली आणि इथलीच होऊन बसली. श्रावणात कमरेएवढ्या पाण्यात उभी, मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात भेगाळलेल्या गाळात उभी. तोडलेली कांडी ओल्या मातीत पडली की पेराला मुळं फुटतात. आमच्या शेजारणीने वालाच्या वेलाला तिच्या काठ्यांचा आधार दिला. वाल राहिला बाजूला, काठ्यांनाच पालवी! विदर्भात रस्त्यातल्या खड्ड्यांत बेशरम लावून आंदोलनं होतात, ती उगाच नाहीत.

पण थट्टा इथवरच. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंच्या दोन शेळ्या होत्या. एरवी शेळी या पानांना तोंड लावत नाही; पण उन्हाळ्यात दुसरा पाला मिळेना तशा खाऊ लागल्या, आणि मग चटकच लागली. मान थरथरू लागली, पाय अडखळू लागले, अंग झडलं. ढोरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, यातलं विष मज्जातंतूंवर जातं, त्यावर औषध नाही, पाला तेवढा बंद करा. एक वाचली, दुसरी गेली. शेळीच्या पिल्लांवर मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघायचा हो त्यांचा!

तुमच्या कुंपणाशी ही असेल तर पावसाळ्याआधी मुळासकट उपटा. चीक हाताला लागतो, साबणाने धुवा. आणि कांड्या नाल्यात मुळीच फेकू नका, वाहत जाऊन पुढच्या काठाला रुजतात. फरशीवर कडकडीत वाळू द्या. फुलदाणीची हौस असेल तर तीही सोडा. घरी पोचेपर्यंत फुलं मलूल होतात.