दहा सेंटीमीटरांच्या अलीकडे

जवळची वस्तु स्पष्ट दिसते आणि लांबची अंधुक, असें आपण सारेच गृहीत धरून चालतों. मीहि तसाच चालत होतों. परंतु अवरक्त किरणांनीं अंतर मोजणाऱ्या एका बोटाएवढ्या यंत्रानें गेल्या उन्हाळ्यांत माझा हा समज पार उलटा करून टाकला.

निमित्त झालें आमच्या नानांचें. काचबिंदूनें त्यांची बाजूची दृष्टि बरीचशी गेली आहे. समोरचें अजून दिसतें. पण अर्धवट उघडें दार, कोणी ओढून ठेवलेली खुर्ची, या गोष्टी त्यांना लागल्यावरच कळतात. दोनदां कपाळाला खोक पडली, तेव्हां मीं ठरविलें कीं, त्यांच्या काठीला एक डोळा बसवावयाचा. पुढें कांहीं आडवें आलें कीं काठीनें गुणगुणावें, आणि तें जसजसें जवळ येईल तसतशी तिची गुणगुण वाढावी.

सामान थोडकेंच होतें. इटलींतील इव्हरिया गांवीं २००५ सालीं जन्मलेल्या आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलरच्या फळीचा एक नमुना, एक बझर, आणि १० ते ८० सेंटीमीटर अंतर ओळखणारा सेन्सर. सेन्सरला तीन तारा: तांबडी पांच व्होल्टांना, काळी ग्राउंडला आणि पिवळी फळीच्या अॅनालॉग खांचेंत. शून्य ते पांच व्होल्टांचे फळी ० ते १०२३ असे आंकडे करते, आणि त्या आंकड्यावरून अंतर ओळखावयाचें असतें.

या सेन्सरचें काम मला फार आवडलें. १८०० सालीं विल्यम हर्शेलला तांबड्या रंगाच्या पलीकडे जो अदृश्य प्रकाश सांपडला, त्याचा झोत याच्या एका भिंगांतून बाहेर पडतो. वस्तूवर आदळून परतलेला प्रकाश शेजारच्या भिंगांतून आंतल्या पट्टीवर ठिपक्यासारखा उमटतो. वस्तु जवळ आली कीं ठिपका एका बाजूला सरकतो, लांब गेली कीं दुसऱ्या. १८०२ सालीं मद्रासजवळ पायारेषा मोजून लॅम्बटननें हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणीस आरंभ केला. तोच त्रिकोण येथें बोटाच्या पेराएवढ्या पायावर उभा आहे!

मग आलें अंशांकन, म्हणजे यंत्राच्या आंकड्यांची खऱ्या अंतराशीं गांठ घालून देणें. मेजावर मोजपट्टी चिकटविली, पांढरा पुठ्ठा उभा केला आणि तो मागें मागें सरकवीत वहींत आंकडे लिहीत गेलों. १० सेंटीमीटरांवर ४७०, २०वर २६५, ४०वर १५५, ८०वर ८५. आरंभीं आंकडे वेड्यासारखे नाचत. सेन्सर थांबून थांबून विजेचा घोट घेतो, त्यामुळें दाब हेलकावे खातो. तांबड्या व काळ्या तारेंमध्यें १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसविल्यावर ते बरेच शांत झाले. सेन्सर नवें माप सुमारें ४० मिलिसेकंदांनीं देतो, म्हणून तेवढें थांबून दहा मापांची सरासरी घेतली. आंकडा आणि अंतर यांचा आलेख वांकडा निघाला. पण अंतराऐवजीं एक भागिलें अंतर घेतांच तो जवळजवळ सरळ झाला. त्या रात्रीं मला झोंप फार गाढ लागली.

दुसऱ्या दिवशीं नाना काठी घेऊन निघाले. स्वयंपाकघराच्या अर्ध्या उघड्या दारापाशीं काठी गुणगुणली, जोरानें गुणगुणली, आणि मग एकाएकीं मंदावली. वाट मोकळी झाली असें समजून नानांनीं पाऊल टाकलें, तों दाराची कड थेट कपाळावर!

दोष यंत्राचा नव्हता. १० सेंटीमीटरांच्या अलीकडे त्याच्यावर विसंबूं नये हें त्याच्या माहितीपत्रकांत लिहिलेलेंच होतें. सहासात सेंटीमीटरांच्या आंत वस्तु आली कीं ठिपका पट्टीवरून ढळूं लागतो, आंकडा पुन्हां उतरतो, आणि अगदीं नाकाशीं आलेली वस्तु यंत्राला लांबची वाटते. मीं मात्र पुठ्ठा दहाच्या अलीकडे कधीं आणलाच नव्हता.

मी बर्फ लावीत असतां नाना हंसून म्हणाले, “तुझी काठी तुझ्यावरच गेली रे. लांब असलास कीं रोज चौकशी. शेजारीं येऊन बसलास कीं गप्प.”

मला उत्तर सुचलें नाहीं. परगांवीं नोकरीला होतों तेव्हां मी रोज रात्रीं फोन करून डोळ्यांत औषध घातलें का, जेवण झालें का, सारें विचारीत असें. दोन वर्षांपूर्वीं एका छपराखालीं राहावयास आलों आणि विचारणें आपोआप थांबलें. समोर दिसतात म्हणजे ठीक असतील, असा माझाहि आंकडा उतरला होता.

पुढचें अंशांकन मेजावर केलें नाहीं. नाना घरभर फिरले आणि मी वही घेऊन त्यांच्या मागें. खिडकीच्या कांचेंतून झोत आरपार जातो, हें तेव्हां कळलें. त्यांना सूचना चाळीस नव्हे, साठ सेंटीमीटरांवर हवी, हेंहि कळलें. फिरतां फिरतां ते सहज बोलून गेले, “डाव्या डोळ्यानें खालचें कांहींच दिसत नाहीं आतां. दिवाळीपासून.”

“मग बोललां कां नाहीं?”

“तूं घरांतच होतास कीं.”

त्याच आठवड्यांत आम्ही डॉक्टरांकडे गेलों. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. उरलेली टिकविण्याचा प्रयत्न तेवढा करतां येतो. डॉक्टरांनीं औषध बदललें आहे. ते सहा महिने मात्र कोणत्याहि औषधानें मला परत मिळावयाचे नाहींत.

काठीवर सेन्सरच्या बाजूनें आतां बारा सेंटीमीटर पुढें आलेली वेताची एक कमान आहे. कांहींहि आडवें आलें तरी आधीं कमानीला अडतें, दहाच्या आंत येत नाहीं. माझ्यापुरती सोय म्हणून मीं संध्याकाळीं माझी खुर्ची नानांच्या शेजारून उचलून त्यांच्या समोर मांडली आहे. तेथून मी रोज एक प्रश्न विचारतों: “आज किती दिसलें?” नाना कधीं चिडतात, कधीं सांगतात. मी तें वहींत लिहून ठेवतों. पुठ्ठ्याचे आंकडे जेथें संपले, त्याच्याच पुढच्या पानावर.