मंजूर

सरकारी कागदांवरच्या शब्दांचा मला फार दिवसांपासून लळा आहे. मराठी शिकविणाऱ्या माणसाने कवितेवर प्रेम करावे, हे जगाला पटते; पण वॉर्ड ऑफिसातल्या फळ्यावरची नोटीस मी चष्मा पुसून पुन्हा वाचू लागलो की आमच्या सौभाग्यवती हळूच चार पावले दूर सरकतात. हे गृहस्थ आपल्याबरोबरचे नव्हेत, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो.

पण तुम्हीच पाहा, ‘मंजूर’ या शब्दात किती गंमत आहे! अरबीतली ‘नजर’ त्याच्या पोटात दडलेली आहे. मंजूर म्हणजे मुळात नुसते पाहिलेले. वरच्याने पाहिले की खालच्याचे काम झाले! ‘हरकती’ची कथा तर याहून मजेची. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत तिचा अर्थ झाला अडथळा. हालचाल करणारा माणूस कुणाच्या तरी कामात अडथळाच असतो, हे आपल्या पूर्वजांनी कचेऱ्यांतून हेलपाटे घालतानाच ओळखले असावे.

आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्याने शहराचा आराखडा महापालिका करते आणि तो प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून ‘हरकती व सूचना’ मागविते. म्हणजे नकाशा आधी, बोलणे मागून. जुन्या पुण्याच्या २०१३ मधल्या आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. एवढ्या लोकांना काही सांगायचे होते, तर त्यांना आधीच का विचारू नये, असा भाबडा प्रश्न माझ्यासारख्याला पडतो.

इंग्लंडात २०११ च्या एका कायद्याने हा क्रम थोडा उलटा केला. तिथे वस्तीतल्या लोकांनी आपल्या भागाचा आराखडा स्वतः लिहायचा, एका तटस्थ परीक्षकाने तो तपासायचा आणि मग वस्तीनेच त्यावर मतदान करायचे. निम्म्याहून अधिक मते अनुकूल पडली की कौन्सिलाला तो स्वीकारणे भागच. अर्थात ‘आमच्याकडे नवी घरेच नकोत’ असे म्हणण्याची सोय मात्र ठेवलेली नाही. वरच्या मोठ्या आराखड्याशी मेळ राखावाच लागतो. या रीतीने पार पडलेला पहिला आराखडा कंब्रिया परगण्यातल्या अप्पर ईडन खोऱ्याचा. डोंगराळ शेतीचा मुलूख, तरुण मंडळींना गावात परवडेल असे घर मिळेना, ही त्यांची मुख्य चिंता. १७ पॅरिशे एकत्र आली. ७ मार्च २०१३ ला मतदान झाले. मतदारांपैकी एकतृतीयांशच लोक आले, पण आलेल्या दहांतल्या नवांनी होकार दिला. पुढच्याच महिन्यात ईडनच्या कौन्सिलाने आराखडा स्वीकारला. पुढे २०२३ साली ते कौन्सिलच इतिहासजमा झाले, हा भाग निराळा.

या हकिगतीत मला मतांच्या आकड्यांपेक्षा ‘१७ पॅरिशे’ हे शब्द महत्त्वाचे वाटतात. आराखड्यात काय लिहायचे हे ठरण्याआधी ‘आपण’ म्हणजे कोण, हे ठरवावे लागते. आणि ते काम कौन्सिलाच्या सभागृहात होत नाही. ते कुणाच्या तरी दिवाणखान्यात, चहा पिता पिता होते.

आमच्या गल्लीतही ते तसेच झाले. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी लहान लहान कामे सुचवायची पद्धत सुरू झाली. पदपथ, दिवे, बाक अशी. त्या अर्जासाठी एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांच्या घरी आम्ही जमलो. त्यांनी नातवाची पाटी पुढे घेऊन यादी मांडली. पहिला क्रमांक ज्येष्ठांसाठी बाकांचा, दुसरा झाडांच्या आळ्यांचा, तिसरा गल्लीच्या नावाच्या पाटीचा.

चहाचे कप उचलायला आलेल्या मावशी दाराशी घोटाळल्या. म्हणाल्या, “काका, आमच्या बोळात एक दिवा लिहा की. पोरगी क्लासवरनं येते तवा मी कामं टाकून नाक्यावर जाऊन उभी राहते.”

इंजिनिअरसाहेब कठोर नव्हेत, काटेकोर आहेत. ते म्हणाले, “मावशी, तुमचा बोळ आपल्या गल्लीत येत नाही हो.”

“बोळ येत नसंल,” मावशी म्हणाल्या, “पण तुमचं दूध, पेपर, आन् मी, सगळं त्याच बोळातनं येतंय.”

कुणी काही बोलले नाही. मावशींच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्या फक्त नकाशा दुरुस्त करीत होत्या. साहेबांनी ओल्या फडक्याने पाटी पुसली, पहिल्या क्रमांकावर ‘बोळातील दिवे’ लिहिले आणि अक्षर वळणदार आले नाही म्हणून पुन्हा एकदा लिहिले. मग अर्जावर आम्हा सर्वांच्या सह्या झाल्या. सगळ्यात वर मावशींची. ती त्यांनी सावकाश, एकेक अक्षर लावीत केली.

पुढच्या अंदाजपत्रकात दिवे बसले, बाक राहिले. बोळात आता तीन दिवे आहेत. मावशींची मुलगी एकटी घरी येते, आणि नाक्यावर उभे राहण्याचे काम आमच्या ज्येष्ठ मंडळींकडे आले आहे. बाकच नाहीत, तर बसणार कुठे? पुढच्या यादीत बाक पहिला घालावा, असे इंजिनिअरसाहेबांचे मत आहे. परवा त्यांनी मावशींनाही विचारून घेतले.

“घाला की,” त्या म्हणाल्या. “पण एक आमच्या बोळाच्या तोंडाशी ठेवा. येता-जाता आमीबी टेकू.”

साहेबांनी पाटीवर लगेच नोंद केली आणि माझ्याकडे पाहून विचारले, “काय प्राध्यापक, मंजूर?”