लॅमिंग्टन रोडवरचा शनिवार

ग्रँट रोड स्टेशनवर पूर्वेला उतरलात की लॅमिंग्टन रोडचा पत्ता विचारायची गरजच नाही. ज्याच्या डोक्यावर किंवा काखेत मॉनिटरचा खोका दिसेल, तो जिथून येतोय तिकडे चालायला लागायचं! कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनना मुंबईकर काही सोडायला तयार नाहीत. इथल्याच मिनर्व्हा टॉकीजमध्ये ‘शोले’ पाच वर्षांहून जास्त चालला. मिनर्व्हा गेलं, पण गर्दीचा शो अजून हाउसफुल्ल आहे. फक्त रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानांची शटरं खाली असतात. आपल्यासारख्या नोकरदारांसाठी शनिवारच!

मी गेलो ते धाकट्या भावासाठी. पठ्ठ्याने चांगली नोकरी सोडली. आता लग्नाचे व्हिडिओ एडिट करणार. पहिली ऑर्डर दहा दिवसांत द्यायची होती आणि मशीन नव्हतं. माझा ८० हजारांचा बोनस हेच त्याचं भांडवल. मॉलमध्ये ८४ हजारांचा तयार डेस्कटॉप बघून ठेवला होता. ईएमआयवर घ्या, घरी न्या, प्लग लावा. विषय संपला. पण तो म्हणाला, “दादा, आपण बनवूया ना.”

‘बनवणं’ मला नवीन नव्हतं. २००३ साली बाबांबरोबर याच रस्त्यावर आलो होतो. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क. बाबांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण कोटेशनच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं होतं, “हे नसलं तर काय होईल?” दुकानदार घामाघूम!

या वेळी तोच फंडा वापरला. पहिल्या दुकानातल्या शेठने कागदाचा चिटोरा पुढे ओढला. “बजेट बोला साहेब.” प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट... सात ओळी. मॉनिटर घरी होताच. “हा भाव संध्याकाळपर्यंतचाच हां,” त्याने बजावलं. तो काही खोटं बोलत नव्हता. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्स ओढून घेतल्या आणि रॅमचे भाव जाम भडकले. चार दुकानं, चार चिटोरे, दोन कटिंग आणि एक वडापाव एवढ्यावर आमचं संशोधन पूर्ण झालं.

तिसऱ्या दुकानात फसता फसता वाचलो. आमच्या प्रोसेसरसाठी डीडीआर४चा बोर्डही मिळतो आणि डीडीआर५चाही. पण एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. मी घाईत बोर्ड एका जातीचा आणि रॅम दुसऱ्या जातीची लिहिली होती. भावानेच पकडलं. मग स्वस्तातला एसएमपीएस पण त्याने खोडला. तो बिघडला तर बाकीचे पार्टही सोबत घेऊन जातो, म्हणाला. त्याचा अभ्यास बघून मी गप्प!

आता हिशोब. सगळे पार्ट १८ टक्के जीएसटीसह, पक्क्या बिलावर. वर ओरिजिनल विंडोज वेगळं, कारण तयार मशीनमध्ये ते बहुधा आधीच असतं. एकूण ७९ हजार. म्हणजे वाचले किती? अवघे पाच हजार! त्यात टॅक्सी गेली आणि अख्खा शनिवार गेला. तेव्हा ‘असेंबल्ड म्हणजे निम्म्या किमतीत’ असं कुणी सांगितलं तर हसा आणि पुढे चला.

खरी मजा रात्री डोंबिवलीत आली. जमिनीवर चादर, चादरीवर पार्ट, आणि आई लांबून विचारतेय, “शॉक नाही ना रे लागणार?” साडेअकराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले... आणि स्क्रीन काळी ठिक्कर! भावाचा चेहरा पडला. “दादा, तुझे पैसे...” एवढंच बोलला. आम्ही रॅम काढून पुन्हा दाबली, दोन्ही बाजूंचा ‘टक्’ आवाज ऐकला. काही नाही. मग त्याची नजर प्रोसेसरच्या खोक्यावर गेली. नावाच्या शेवटी ‘एफ’. म्हणजे प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही. आणि मॉनिटरची केबल मी लावली होती मदरबोर्डच्या पोर्टला! ती ग्राफिक्स कार्डला लावली आणि स्क्रीन उजळली.

तयार मशीन घेतलं असतं तर आम्ही कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसलो असतो. पण अडलं तर एकच नंबर फिरवायचा, हेही सुख कमी नाही. असेंबल्डमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, सातही बिलं सांभाळायची. मेल, एक्सेल आणि रात्रीच्या वेबसीरिजपुरतं मशीन हवं असेल तर सरळ लॅपटॉप घ्या. शनिवार लोणावळ्याला घालवा. पण ज्या मशीनवर तुमचं पोट चालणार आहे, ते आतून माहीत असायला हवं. पाच हजारांपेक्षा ही कमाई मोठी.

ऑर्डर नवव्या दिवशी गेली. आता भावाला रॅम वाढवायची आहे. बोर्डावर दोन जागा मोकळ्या आहेत, आता फक्त भाव उतरायची वाट बघतोय. बाबांचा २००३चा स्क्रू ड्रायव्हर त्याने माझ्याकडून मागून घेतलाय. मी दिला. माझ्यापेक्षा त्यालाच तो जास्त लागणार.