कंट्रोल-एफ-नाइनच्या आधी

शिकवताना मी पीपीटी लावत नाही, याबद्दल आमच्या विभागात अधूनमधून कुरकुर होते. स्लाइड्स असल्या की फाइलला जोडता येतात, मूल्यांकनाला आलेल्या समितीपुढे ठेवता येतात. माझा तास संपल्यावर पडद्यावर उरतो तो पाच-पन्नास ओळींचा एक प्रोग्राम, त्यातल्या निम्म्या खोडून पुन्हा लिहिलेल्या. तो कुठल्या फाइलला लावणार? कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करायची, मुलांसमोर एकेक ओळ टाइप करायची आणि टाइप करताना डोक्यात जे चाललंय ते बोलत राहायचं, ही खोड मला सोलापूरच्या एका तंत्रनिकेतनात लागली. आम्हाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या मॅडमनी ती लावली. त्यांचं नाव लिहीत नाही. छापून आलेलं त्यांना आवडणार नाही, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना ते सांगायची गरजही नाही.

आमच्या वेळी संगणकाच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे. आत एसी, खिडक्यांना जाड पडदे आणि एकेका मशीनला तिघं-तिघं. पुढच्या दोघांच्या खांद्यांमधून तिसऱ्यानं बघायचं. बहुतेकांच्या घरी संगणक नव्हता. माझे वडील चादरीच्या कारखान्यात होते. शेजारी बसणारी मैत्रीण घरी तेलुगू बोलायची, तिच्या पलीकडचा मुलगा अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. शाळा तिघांचीही मराठी, आणि पुस्तक इंग्रजी. ‘लेट अस सी’ प्रत्येकाच्या पिशवीत असे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ते पुस्तक म्हणजे आमच्या पिढीचं बायबल. पण पुस्तकात प्रोग्राम छापलेला असतो तो पूर्ण झालेला. तो लिहिणाऱ्याच्या डोक्यात आधी कुठली ओळ आली, कुठे तो अडला, कंसाचं दुसरं टोक त्यानं आधी लिहिलं की शेवटी, यातलं काही छापील पानावर दिसत नाही. बाकीचे सर तोच प्रोग्राम फळ्यावर उतरवत, आम्ही वहीत उतरवत असू, आणि परीक्षेत पुन्हा कागदावर. संगणकाचा विषय संगणकाला हात न लावता पास होता येत असे. झालेही बरेच जण.

मॅडमनी कुठून तरी एक जुना मोठा टीव्ही आणि संगणकाचं चित्र टीव्हीवर आणणारी एक डबी मिळवली होती. प्रोजेक्टर कॉलेजात होता, पण तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली पाहुणे आल्यावरच निघे. टीव्हीवर, ज्यात आम्ही सी लिहायचो त्या टर्बो सीचा निळा पडदा आणि पिवळी अक्षरं जराशी थरथरत दिसत, कडेची एक-दोन अक्षरं कापली जात. म्हणून मॅडम ओळी आखूड ठेवत आणि डावीकडे थोडी जागा सोडत. त्या बसत नसत. उभ्यानं, थोडं वाकून टाइप करत, म्हणजे मान वर केली की वर्ग दिसावा. त्यांच्या बोटांना वेग होता, पण आमच्यासमोर त्या मुद्दाम सावकाश चालत. पंक्तीत वाढणारा जाणता माणूस जसा शेवटच्या पानावर भात पडल्याशिवाय वरणाचं भांडं उचलत नाही, तशी त्यांची नजर मागच्या मशीनवरच्या तिसऱ्या मुलाकडे असे.

टाइप करताना त्यांचं तोंड चालू असायचं, आणि ते मराठीत. “आता मला एक डबा पाहिजे, आकडा ठेवायला. डब्याला नाव देते. नाव काय देऊ? एन देते. पण एन म्हटल्यावर उद्या मला आठवेल का कशाचा एन? नको. मार्क्स म्हणू या.” मग बॅकस्पेस. ती बॅकस्पेस आम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा नवल वाटलं होतं. शिक्षकानं लिहिलेलं शिक्षकानंच खोडायचं, तेही चूक नसताना, केवळ याहून बरं सुचलं म्हणून! तोंडानं मराठी आणि बोटांनी सी, असं ते एकाच वेळी चाले. इंग्रजीची धास्ती घेऊन आलेल्या आम्हा पोरांना त्यातून कळलं की विचार आपल्या भाषेत करता येतो. पडद्यावरचे पाच-पंचवीस इंग्रजी शब्द ही फक्त शेवटची पायरी.

चूक झाली की त्या ती लपवत नसत. टर्बो सीमध्ये अर्धविराम विसरला की ‘स्टेटमेंट मिसिंग’ असा संदेश यायचा आणि रंगीत पट्टा जाऊन बसायचा पुढच्या ओळीवर, जिच्यात काहीही बिघडलेलं नसे. मॅडम म्हणायच्या, “चोर सोडून संन्याशाला फाशी! संन्याशाच्या आधी कोण उभं आहे बघा.” हे एवढं एक वाक्य पुढे किती तास वाचवून गेलं. कारण प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर वरून खाली वाचत येतो. वाक्य संपल्याची खूण दिसेना की तो पुढे जातो, आणि पुढचा शब्द मागच्याशी जुळेना तेव्हा कुठे त्याला शंका येते. तक्रार होते त्या जागी चूक असतेच असं नाही, हे आम्हाला कुणी व्याख्या म्हणून शिकवलं नाही. ते डोळ्यांसमोर वारंवार घडताना पाहिलं.

पण माझ्यावरचं त्यांचं खरं ऋण याहून निराळं आहे. प्रोग्राम लिहून झाला की कंट्रोल-एफ-नाइन दाबायचं, म्हणजे तो चालू लागे. मॅडमचा हात त्या दोन कळांवर जाऊन थांबायचा. “वहीत लिहा, काय येईल.” नुसतं मनात म्हणून चालत नसे, लिहायचं, तेही पेनानं. शेजाऱ्याचं बघायचं नाही. सगळ्यांच्या माना वर झाल्या की मगच कळ दाबली जाई.

त्यातला एक तास मला लख्ख आठवतो. त्यांनी एक पूर्णांक घेतला, त्याला एक ही किंमत दिली आणि सांगितलं, जोवर हा शून्यापेक्षा मोठा आहे तोवर त्यात एकेक मिळवत जा. लूप संपल्यावर तो आकडा छाप. चार ओळींचा प्रोग्राम. “लिहा.” आम्ही सगळ्यांनी लिहिलं की हा कधीच थांबणार नाही. एकात एक मिळवत गेलं तर शून्याखाली कसं येणार? दुसरीतल्या पोरालाही कळतं. अक्कलकोटच्या मित्रानं तर लिहिलं होतं, ‘मशीन बंद करावं लागेल’. मॅडमनी कळ दाबली. पापणी लवायच्या आत पडद्यावर आकडा आला: उणे ३२७६८.

लॅबमध्ये जो कल्ला झाला तो मॅडमनी होऊ दिला. मग खडू घेतला. टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक सोळा बिटांचा. सोळा खाने, प्रत्येकात शून्य किंवा एक. पहिला खाना चिन्हाचा. उरलेल्या पंधरात मावणारा सर्वांत मोठा आकडा ३२७६७. त्यात एक मिळवला की हातचा सरकत सरकत थेट चिन्हाच्या खान्यात जाऊन पडतो, आणि आकडा उलटून तळाला जातो. हे सगळं पुस्तकात होतं. कितवं पान तेही माहीत होतं. पण वहीत स्वतःच्या अक्षरात ‘कधीच थांबणार नाही’ असं लिहिलेलं असताना समोर उणे ३२७६८ दिसणं, ही गोष्ट पुस्तकाच्या हातची नव्हती.

पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा कळलं की कळ दाबण्याआधीच्या या थांबण्यावर रीतसर संशोधन झालेलं आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गातली प्रात्यक्षिकं तपासली आणि २००४ साली निष्कर्ष मांडले. ज्या मुलांनी प्रात्यक्षिक नुसतं पाहिलं, त्यांची समज ते अजिबात न पाहिलेल्या मुलांपेक्षा जवळजवळ काहीच वरचढ नव्हती. ज्यांना आधी अंदाज नोंदवायला लावला, त्यांची होती. अंदाजासाठी जास्तीचा वेळ लागला तो दोनेक मिनिटांचा. हे वाचून मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. इतकी वर्षं आम्ही ‘डेमो’ या नावाखाली जे करतो आहोत, त्यातलं निम्मं नुसती करमणूक आहे. मॅडमनी हे संशोधन वाचलेलं असणं शक्य नव्हतं. आम्ही त्यांच्या हाताखालून गेलो ते त्याच्या आधीच. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, “मला पोरांच्या डोळ्यांत झोप दिसायची गं. लिहायला लावलं की जागी व्हायची.”

दुसरी एक गोष्ट त्यांना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ हसत होत्या. जॉन बेंटली हे प्रोग्रामिंगवरच्या लेखनातलं मोठं नाव. कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी पीएचडीच्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला द्विभाजन शोध (बायनरी सर्च), म्हणजे क्रमानं लावलेल्या यादीत दरवेळी मधोमध बघून निम्मी यादी बाद करत शोधणं, लिहायला लावला, आणि मग एकाचा प्रोग्राम घेऊन सगळ्या वर्गादेखत त्याची चिरफाड केली. त्या वर्गात जोशुआ ब्लॉक होते. पुढे जावा भाषेच्या लायब्ररीतला द्विभाजन शोध ब्लॉक यांनीच लिहिला. तो नऊएक वर्षं जगभर चालला आणि मग त्यात खोट निघाली. मधली जागा काढण्यासाठी खालचा आणि वरचा क्रमांक मिळवून दोनानं भागायचं, ही ती ओळ. यादी प्रचंड मोठी असेल, शंभर कोटींच्याही वर, तर ती बेरीज पूर्णांकात मावत नाही आणि उलटून उणे होते. ब्लॉक यांनी २००६ साली हे स्वतःच जाहीरपणे लिहिलं, आणि हेही लिहिलं की बेंटलींच्या १९८६ सालच्या पुस्तकात बिनचूक असल्याचं सिद्ध करून दाखवलेल्या प्रोग्राममध्येही तीच खोट होती. “म्हणजे आपलं उणे ३२७६८ च की!” मॅडम म्हणाल्या. तेच. फक्त खाने बत्तीस.

मॅडमची आणखी एक रीत मी जशीच्या तशी उचलली आहे. सत्राच्या मध्यावर त्या कीबोर्ड सोडत आणि कुणाला तरी तिथे बसवत. हुशार म्हणून गाजलेल्यांना नाही, तर जे तिघांत तिसरे असत त्यांना. स्वतः लॅबच्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहत. वर्गानं सांगायचं आणि बसलेल्यानं टाइप करायचं. माझी पाळी आली तेव्हा मला कंस कुठल्या कळीवर आहे हेही धड सापडत नव्हतं. मागून कुणीतरी हसलं. मॅडम मागूनच म्हणाल्या, “हसतोस कशाला? तू सांगितलेलं तिला कळत नाहीये, म्हणजे तुला सांगता येत नाहीये. पुन्हा सांग.” तो तास मला अवघड गेला नाही. उलट तेव्हापासून त्या खुर्चीचा मोह सुटलेला नाही.

आता माझ्या वर्गात प्रोजेक्टर आहे, उबुंटू आहे, अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. करोनाच्या वर्षात सगळं ऑनलाइन झालं तेव्हा मात्र मुलं मोबाइलच्या बोटभर पडद्यावर माझा कोड वाचत होती, आणि मला पुन्हा मॅडमच्या आखूड ओळी आठवल्या. अंदाज चॅटमध्ये लिहून घ्यायचा प्रयत्न केला. पहिल्यानं लिहिलेलं उत्तर बाकीचे सगळे उतरवत, म्हणून सांगितलं की लिहून ठेवा, पण मी म्हणेपर्यंत पाठवू नका. त्याचा बरा उपयोग झाला. बाकी त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

यंदा मी तोच चार ओळींचा प्रोग्राम दुसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे लिहिला. पूर्णांक आता बत्तीस बिटांचा, त्यामुळे उलटायला काही सेकंद लागतात. पण आला, उणे २१४७४८३६४८ आला. तेवढ्यात बार्शीचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, डॅश-ओ-टू लावून बघू या का?” म्हणजे कंपायलरला सांगायचं की प्रोग्राम वेगवान कर. मी कळीवर हात ठेवून थांबले. लिहा म्हटलं. बहुतेकांनी लिहिलं, तेच उत्तर, फक्त लवकर. दाबलं, आणि प्रोग्राम थांबेचना. सी भाषेच्या नियमांत चिन्हवाल्या पूर्णांकाचं असं ओसंडणं बसतच नाही. तसं झालं तर काय व्हावं याची भाषा काही हमी देत नाही. आमच्या जीसीसी या कंपायलरनं सरळ धरून चाललं की एकात एक मिळवत गेलं तर आकडा कधी शून्याखाली येणार नाही, आणि ती तपासणीच काढून टाकली. आम्ही सगळ्यांनी त्या टीव्हीसमोर वहीत जे लिहिलं होतं, तेच आता कंपायलर म्हणत होता.

मॅडम निवृत्त होऊन सांगलीला मुलाकडे असतात. नातवाच्या लॅपटॉपवर पायथन भाषा चालू आहे, “बरी आहे, पण फार लाड करते,” असं त्यांचं मत. त्या संध्याकाळी फोन करून म्हटलं, मॅडम, तुमचा तो शून्यापेक्षा मोठा असेपर्यंतवाला लूप आठवतो का? आज तो नव्या कंपायलरवर डॅश-ओ-टू लावून चालवला.

“थांब थांब, उत्तर सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “पेन घेऊन येते.”