करंट, करंट आणि करन्सी

रविवार, रात्री अकरा.

भाची स्पेलिंगं घोकत होती. मध्येच म्हणाली, "मामा, करंट म्हणजे?"

"वीज."

"चूक! बारीक काळा बेदाणा."

उच्चार एकच, एकात ई, दुसऱ्यात ए. आता झोप कुठली!

बेदाण्याच्या करंटमागे ग्रीसमधलं कॉरिंथ आहे. तिथल्या बेदाण्यांना गावाचं नाव चिकटलं आणि झिजत झिजत करंट झालं. विजेचा करंट मात्र लॅटिनमधल्या 'धावणे'मधून आला. करन्सी त्याचीच बहीण. मराठीनं धाव जरा कमी केली: 'चल'वरून चलन. (नोट धावली नाही तरी चालते, पण चालली पाहिजे.)

या कोटीला नाशिकइतकं सोयीचं गाव नसेल. एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र, नाशिकरोडला १९२८पासून नोटांची छपाई, दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांचे मांडव. भाचीला ऐटीत म्हटलं, "तिन्ही करंट आपलेच!"

"आपला बेदाणा थॉम्पसन जातीच्या द्राक्षांचा. तो करंट नव्हे, रेझिन. अर्धा मार्क कापला."

कापा. माझा लाडका घोटाळा वेगळाच आहे. द्राक्षाच्या वेलीला इंग्रजीत व्हाइन, बाटलीतली ती वाइन. आमच्या तोंडी दोन्ही वाइनच. व आणि व्ह यांत भेद करायला ओठ तयार नसतात. मागे एका बागायतदार काकांनी परदेशी पाहुण्याला मोठ्या प्रेमानं सांगितलं, "कम, सी माय वाइन." पाहुणा भर उन्हात मांडवाखाली उभा राहून बराच वेळ पेला शोधत होता. काका त्याला छाटणी समजावत होते.